पोकळीतून विजेची वाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते आपल्या शाळेत पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत असत. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे माझी वाट भाषेची झाली आणि सारे आयुष्य मराठी शिकविण्यात गेले. त्यामुळे मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने सच्छिद्र धातु-सेंद्रिय पदार्थांच्या पातळ पटलांतून वीज कशी वाहू लागली याचा इतिहास सांगावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. त्याचा खुलासा प्रथम करतो.

मी नुकताच अध्यापक झालो होतो. विज्ञानविषयक शब्दांची एक छोटी सूची करण्याचे काम आम्ही काही जणांनी अंगावर घेतले होते. 'पोरॉसिटी' या शब्दासाठी मी 'छिद्रदोष' असा प्रतिशब्द सुचविला. ओतकामात धातूमध्ये राहून गेलेली भोके हा दोष मानतात, एवढीच माझी माहिती. सूचीचा कच्चा खर्डा मी सरांना पाठविला. उत्तरादाखल एक पोस्टकार्ड आले. छिद्र हा नेहमीच दोष नसतो. त्यातून काय जाते आणि त्यात काय राहते हे आधी पाहावे, नाव मागाहून द्यावे, अशा अर्थाच्या दोन ओळी त्यात होत्या. मला त्या झोंबल्या. मी उत्तर लिहिले नाही. सूचीत अखेर 'सच्छिद्रता' हाच शब्द राहिला. पुढे सरही गेले.

२०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळाले. त्यांचे कार्य छिद्रांनी भरलेल्या पदार्थांविषयीचे. ती बातमी वाचताना मला ते पोस्टकार्ड आठवले, आणि मी या विषयाचे वाचन सुरू केले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या पोस्टकार्डाला उशिराने लिहिलेले उत्तर आहे, असे समजावे.

रसायनाविषयी मराठीतून बोलणे वडोदऱ्याला अपरिचित नाही. १८९० साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने येथे कलाभवन सुरू झाले. त्याचे आद्य प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनतज्ज्ञ होते, आणि शास्त्रीय व औद्योगिक शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. रंगकामाचे शास्त्र हा तेथील एक प्रमुख विषय. माझ्या कथेचा आरंभही एका रंगापासूनच होतो.

निळ्या रंगाची गोष्ट

१७०४ ते १७०६ च्या सुमारास बर्लिन शहरात डीसबाख नावाचा रंग तयार करणारा कारागीर कोचिनियल किड्यापासून लाल रंग बनवीत होता. त्यासाठी त्याने वापरलेला पोटॅश प्राणिज तेलाच्या संपर्काने अशुद्ध झालेला होता. लाल रंगाऐवजी भांड्यात गडद निळा रंग उतरला. हाच पुढे 'प्रशियन निळा' म्हणून प्रसिद्ध झाला. १७१० साली त्याचा पहिला छापील उल्लेख झाला आणि १७२४ साली त्याची कृती लंडनमध्ये प्रकट झाली. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी याच रंगाच्या आधारे कागदावर प्रतिमा उमटविण्याची रीत शोधली. माझ्या लहानपणी घरांचे नकाशे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी उमटलेले असत. त्या कागदांचा निळेपणा तो हाच. आज कोणत्याही योजनेच्या आराखड्याला आपण 'ब्ल्यू प्रिंट' म्हणतो. कागद गेला, शब्द राहिला.

हा रंग म्हणजे लोह आणि सायनाइड यांचे संयुग आहे हे कळले, तरी त्याच्या आतली रचना दोनशे वर्षांहून अधिक काळ अज्ञात होती. १९३६ साली केगिन आणि माइल्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ती उलगडली. चौकोनी खोल्यांची एक अफाट इमारत डोळ्यांपुढे आणावी. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यांवर लोहाचे अणू आहेत आणि कडांवर कार्बन-नायट्रोजनाची जोडी तुळईसारखी बसली आहे. खोलीची लांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खोलीत मात्र जागा मोकळी. १९७७ साली लुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाचे चांगले स्फटिक मिळवून दाखविले, की लोह-सायनाइडच्या घटकांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या जागी नसतातच. त्या रिकाम्या जागी पाणी शिरलेले असते. म्हणजे ही इमारत जन्मतःच सच्छिद्र होती.

त्याआधी, १९६२ मध्ये, मेल्विन रॉबिन यांनी या रंगाच्या निळेपणाचे कारण स्पष्ट केले होते. या पदार्थातील लोहाचे अणू दोन अवस्थांत असतात. एकापाशी एक इलेक्ट्रॉन अधिक, दुसऱ्यापाशी तो उणा. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन पहिल्याकडून सायनाइडच्या पुलावरून दुसऱ्याकडे झेप घेतो. त्या झेपेसाठी प्रकाशातील तांबडा भाग शोषला जातो आणि आपल्या डोळ्यांना उरलेला निळा दिसतो. नकाशाच्या कागदावरचा तो निळा रंग ही इलेक्ट्रॉनच्या उडीचीच खूण होती.

१९७८ साली व्हर्नन नेफ यांनी धातूच्या विद्युदग्रावर प्रशियन निळ्याचे अत्यंत पातळ पटल चढविले आणि द्रावणात बुडवून त्याला विद्युद्दाब दिला. पटलात इलेक्ट्रॉन शिरले की ते रंगहीन होई. उलट दाब दिला की पुन्हा निळे. याचे मर्म असे, की ऋण भाराचा इलेक्ट्रॉन आत आला तर समतोल राखण्यासाठी धन भाराचा एखादा आयन, जसे की पोटॅशियम, त्याच्या मागोमाग आत यावा लागतो. तो येऊ शकतो, कारण खोल्या मोकळ्या आहेत. मोकळ्या जागा नसत्या तर इलेक्ट्रॉनलाही दार बंद झाले असते. सरांच्या पोस्टकार्डातील प्रश्न, छिद्रातून काय जाते आणि त्यात काय राहते, तो या प्रयोगात अक्षरशः विचारला गेला आहे.

लाकडी गोळे आणि रिकाम्या खोल्या

निळा रंग अपघाताने हाती आला होता. अशी सच्छिद्र इमारत ठरवून, आराखडा काढून बांधता येईल काय, हा पुढचा प्रश्न. त्याचे बीज एका वर्गात पडले. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांना विद्यार्थ्यांना स्फटिकांची रचना दाखविण्यासाठी लाकडी गोळ्यांचे नमुने हवे होते. गोळे म्हणजे अणू, काड्या म्हणजे बंध. काड्या कोठे बसवावयाच्या, त्यानुसार गोळ्यांना भोके पाडून घ्यावी लागली. नमुने जोडताना त्यांच्या ध्यानात आले, की भोकांच्या जागांतच साऱ्या रचनेची माहिती साठलेली आहे. भोके योग्य ठिकाणी असली की इमारत आपोआप योग्य आकार घेते. मग गोळ्यांच्या जागी खरे धातूचे आयन आणि काड्यांच्या जागी खरे सेंद्रिय रेणू का घेऊ नयेत? हा विचार दहा-बारा वर्षे मनात राहिला. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचा आयन आणि चार हातांचा सेंद्रिय रेणू जोडून हिऱ्यासारखी, परंतु आतून विस्तीर्ण पोकळ्या असलेली रचना प्रसिद्ध केली. शाळेच्या स्मृतिपुस्तिकेत ही हकीकत अवश्य नोंदवावी असे मला वाटते. एका शैक्षणिक साधनातून एक विज्ञानशाखा निघाली.

रॉबसन यांच्या इमारती नाजूक होत्या; पाहुणा बाहेर काढला की कोसळत. १९९७ साली कितागावा यांनी कोबाल्ट, निकेल किंवा जस्त वापरून अशा रचना केल्या, की ज्यांतील पाणी काढून टाकले तरी त्या उभ्या राहिल्या आणि मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे वायू आत घेऊन पुन्हा सोडू लागल्या. विद्यार्थिदशेत त्यांनी हिदेकी युकावा या पदार्थवैज्ञानिकाच्या पुस्तकात चुआंग त्झू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा उल्लेख वाचला होता. जे निरुपयोगी दिसते त्याचाही उपयोग शोधावा, हा त्यातला विचार त्यांच्या मनात कायमचा रुतला.

ओमर याघी यांचे बालपण जॉर्डनमधील अम्मान येथे एका खोलीत, अनेक भावंडांबरोबर गेले. त्या घरात वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. दहाव्या वर्षी शाळेच्या बंद ग्रंथालयात शिरून त्यांनी उचललेल्या पुस्तकात रेणूंची चित्रे होती. १९९५ साली त्यांनीच या पदार्थांना 'धातु-सेंद्रिय चौकट' या अर्थाचे नाव दिले, आणि १९९९ मध्ये 'एमओएफ-५' ही रचना सिद्ध केली. तिच्या दोन-तीन ग्रॅम भुकटीतील पोकळ्यांचे अंतर्गत क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढे भरते. रिकामी असतानाही ती ३०० अंश सेल्सियसपर्यंत टिकते.

त्याच १९९९ साली हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात तांबे आणि तीन हातांचे एक सेंद्रिय आम्ल यांपासून 'एचकेयूएसटी-१' ही दुसरी प्रसिद्ध चौकट तयार झाली. पुढे तिचा संबंध येणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवावे.

घर आहे, वीज नाही

या सर्व इमारतींत एक उणीव होती. त्यांतून वीज वाहत नव्हती. 'एमओएफ-५' मध्ये जस्त आणि सेंद्रिय रेणू यांना ऑक्सिजनचे अणू सांधतात. ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो. धातूच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि सेंद्रिय रेणूच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा यांचा मेळ बसत नाही. परिणामी प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या खोलीत कोंडलेला.

पदार्थातून इलेक्ट्रॉन जाण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. ओढा ओलांडताना आपण एका दगडावरून दुसऱ्यावर उडी घेत जातो, ही पहिली रीत. प्रशियन निळ्यात ती दिसते. दुसरी रीत सडकेची. शेजारशेजारच्या अणूंचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत इतके मिसळतात, की सलग वाट तयार होते. धातूत ती असते. सच्छिद्र चौकटीत दगड दूर दूर होते आणि सडक बांधावी तर जागाच पोकळ. पोकळी आणि विद्युत्वहन यांचे वैरच आहे, असे बहुतेकांना वाटत होते. माझा 'छिद्रदोष' हा शब्द येथे क्षणभर खरा ठरतो की काय, अशी शंका मलाही वाचताना आली.

पाहुण्याने आणलेली वीज

या कोंडीतून वाट निघण्यास पातळ पटलांची मोठी मदत झाली. भुकटीतून वीज मोजणे कठीण. विद्युदग्रांवर नीट बसलेल्या सलग पटलातून ते शक्य होते. २००७ साली जर्मनीतील बोखुम येथे शेखाह, व्योल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एचकेयूएसटी-१' चे पटल थराथराने चढविण्याची रीत दाखविली. सोन्याचा मुलामा दिलेला तुकडा आधी तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाचा, धुवावयाचा, मग सेंद्रिय आम्लाच्या द्रावणात बुडवावयाचा, पुन्हा धुवावयाचा. रंगारी नीळ चढविताना कापड पुनःपुन्हा कुंडात बुडवितो आणि दर बुडीला रंग गडद होतो, तसेच हे. फरक एवढाच, की येथे प्रत्येक बुडीला इमारतीचा एकेक थर चढतो.

२०१४ साली 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतील अ‍ॅलेक टॅलिन, मार्क अ‍ॅलेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी प्लॅटिनमच्या विद्युदग्रांवर 'एचकेयूएसटी-१' चे सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचे पटल घेतले. या चौकटीत तांब्याच्या प्रत्येक अणूपाशी पाण्याचा एकेक रेणू टेकलेला असतो. पटल निर्वातात तापवून ते पाणी काढले, म्हणजे तांब्याची एक बाजू उघडी झाली. मग ते 'टीसीएनक्यू' या रेणूच्या द्रावणात ठेवले. हा रेणू विद्युत्वहनाच्या इतिहासात नवा नव्हता. १९७३ साली दुसऱ्या एका सेंद्रिय रेणूच्या जोडीने त्याने धातूसारखे वहन दाखविले होते. त्याला नायट्रोजनाची टोके असलेले चार हात आहेत. पाण्याने सोडलेल्या जागी तो शिरला आणि शेजारच्या तांब्यांना हात देऊन पूल झाला. फिकट निळे पटल हिरवट निळे झाले. संवाहकता दहा लाख पटींच्या घरात वाढून दर मीटरला ७ सीमेन्सपर्यंत पोहोचली, आणि हवेतही टिकली.

येथे शंका घेणे योग्यच होते. वीज चौकटीतून वाहते की पटलावर साचलेल्या पाहुण्याच्या थरातून? त्यासाठी त्यांनी जवळपास त्याच घडणीचा, पण ज्यात इलेक्ट्रॉनला मोकळे फिरू देणारी बंधांची साखळी तुटलेली आहे, असा रेणू आत सोडून पाहिला. संवाहकता वाढली नाही. म्हणजे खोलीत कोणीही येऊन बसल्याने भागत नाही. दोन्ही भिंतींना हात पोहोचणारा आणि स्वतःमधून इलेक्ट्रॉन जाऊ देणारा पाहुणा लागतो. घर आणि पाहुणा दोघेही एकेकटे दुर्वाहक. दोघांच्या जोडणीतून वाहक निर्माण झाला, आणि ती जोडणी झाली ती रिकाम्या जागेत.

भिंतीच वाहक झाल्या

दुसरा मार्ग भिंतींचे साहित्य बदलण्याचा. २००९ साली जपानमध्ये ताकाइशी आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या जागी गंधक घेऊन तांब्याची अशी एक चौकट केली, जी सच्छिद्र असूनही अर्धवाहक होती. गंधक आपले इलेक्ट्रॉन तितके घट्ट धरीत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डेनिस शेबेर्ला, मिर्चा दिन्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल आणि सहा हातांचा एक चपटा सेंद्रिय रेणू यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी विणली. या जाळ्या एकीवर एक रचल्या की मध्ये सुमारे दीड नॅनोमीटर रुंदीच्या नळ्या राहतात. येथे पाहुण्याची गरज नाही. धातू आणि रेणू यांचे इलेक्ट्रॉन जाळीभर मिसळलेले असतात. भुकटीची दाबलेली गोळी दर मीटरला सुमारे २०० सीमेन्स, तर पटल सुमारे ४००० सीमेन्स संवाहकता दाखवीत होते. २०१७ साली याच पदार्थाचा, कोळशाची भर न घालता, वीज साठविणाऱ्या महाधारित्रात विद्युदग्र म्हणून उपयोग झाला. याच जातीच्या तांब्याच्या चौकटीने २०१५ मध्ये हवेतील अत्यल्प अमोनिया टिपला होता. वायू छिद्रांत शिरला की प्रवाह बदलतो.

२०१५ सालीच चीनमधील संशोधकांनी तांबे आणि सहा गंधकयुक्त हातांचा रेणू यांचे पटल दोन द्रवांच्या सीमेवर तयार केले. त्याची संवाहकता दर मीटरला १,५८,००० सीमेन्स भरली. २०१८ मध्ये ०.२५ केल्विन इतक्या अतिशीत तापमानाला तेच अतिवाहकही झाल्याचे दिसले. तुलनेसाठी, शुद्ध तांब्याची संवाहकता सुमारे सहा कोटी सीमेन्स आहे. मात्र या विक्रमी पटलाची वीण इतकी दाट आहे, की त्यात मोकळी जागा जवळजवळ उरत नाही. वाट रुंद झाली तेव्हा खोली नाहीशी झाली. खोलीही राहावी आणि वाटही राहावी, हाच या शाखेपुढचा खरा प्रश्न आहे.

आकडा कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वर सांगितलेल्या निकेलच्या पदार्थाचे दोन आकडे आले, २०० आणि ४०००. पदार्थ तोच, आकडे वीसपट वेगळे. दाबलेल्या गोळीत असंख्य बारीक कण एकमेकांना नुसते टेकलेले असतात. गावागावांतील रस्ते उत्तम असले आणि मधल्या नद्यांवर पूल नसले, तर प्रवासाला लागणारा वेळ रस्त्यांची परीक्षा करीत नाही, तो नद्यांचीच करतो. पटलात सांधे कमी असतात, परंतु असतातच. म्हणून पुढे, २०१९ साली, दिन्का यांच्या गटाने एकेका सुट्या स्फटिकाला विद्युदग्र जोडून मोजणी केली. आकडा मिळाला की तो पदार्थाचा, सांध्याचा की मोजण्याच्या रीतीचा, हे विचारावे लागते. इतिहास लिहिणाऱ्यालाही कागद हाती आला की हाच प्रश्न पडतो: हे बोलणे मूळ माणसाचे, नक्कलकाराचे की वाचणाऱ्याचे?

आता पोस्टकार्डाकडे वळतो. 'छिद्रदोष' हा शब्द सर्वस्वी खोटा नव्हता. ओतीव लोखंडात भोक राहिले तर तो दोष आहेच. चूक होती ती एका कारखान्यातला अर्थ साऱ्या सृष्टीला लावण्याची. प्रशियन निळ्यातल्या मोकळ्या खोलीने आयनाला जागा दिली म्हणून इलेक्ट्रॉन आत आला. तांब्याच्या चौकटीतल्या खोलीने पाहुण्याला जागा दिली म्हणून वीज वाहिली. निकेलच्या जाळीच्याच जातीच्या तांब्याच्या जाळीतली नळी वायूला आत घेते म्हणून तिच्या भिंतीतला प्रवाह बोलका होतो. तिन्ही ठिकाणी नाव देण्यापूर्वी कोणीतरी छिद्रात डोकावून पाहिले होते. मी पाहिले नव्हते.

शब्द घडविणे हे माझ्या व्यवसायाचे काम होते, आणि त्या कामात मी रसायनाच्या शिक्षकाकडून शिकावयास हवे होते. या शहरात मराठी शाळांचे वर्ग पूर्वीसारखे भरलेले नाहीत, हे आपण सारे जाणतो. उरलेल्या वर्गांतून नवे विज्ञान मराठीत सांगावयाचे असेल, तर शब्द लागतील, आणि ते शब्द वस्तू पाहून करावे लागतील. त्यासाठी भाषेच्या शिक्षकाने प्रयोगशाळेत जावे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने खर्ड्यावर लाल शाई चालवावी. सरांनी चालविली होती. मी रागावलो, म्हणून एक संवाद पन्नास वर्षे अर्धवट राहिला.

सर, आपले कार्ड पोहोचले. आपले म्हणणे बरोबर होते.